एकशे दहा ग्रॅम इतिहास

मुलगी माध्यमिक शाळेत गेली त्या दिवसापासून काटेसाहेबांच्या घरातला बातमीपुरवठा बंद पडला. नळाचं पाणी गेलं तर निदान तक्रार करायला खिडकी असते. इथे तक्रार कुणाकडे करणार? छोट्या शाळेत होती तोवर ही मुलगी फाटकातून बोलतच बाहेर पडायची आणि झोप लागेपर्यंत बोलत राहायची. कुणाचा दात पडला, कुणाला बाईंनी उभं केलं, कुणाच्या भावाला कांजिण्या आल्या, सगळं घरात तासाभरात जाहीर होई. आता विचारलं, आज काय झालं शाळेत, तर उत्तर एकच. काही नाही. मग डबा धुवायला टाकायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची. तेही आपटून नाही, हळूच. त्यापेक्षा आपटलं असतं तर बरं, असं तिच्या आईला वाटायचं.

आई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. समोरच्याला बोलण्यात गुंतवायचं आणि त्याला कळायच्या आत हवं ते काढून घ्यायचं, हा तिचा पेशा. बारा वर्षांत ज्याची शीर सापडली नाही असा माणूस तिला भेटला नव्हता. पण पोटच्या पोरीपुढे तिने आठवड्याभरात हात टेकले. तिने आडून विचारलं, समोरून विचारलं, आपल्या लहानपणच्या तीन खऱ्या आणि दोन बनवलेल्या गोष्टी सांगून पाहिल्या. मुलगी सगळं ऐकून घ्यायची, हसायच्या जागी हसायचीसुद्धा, पण स्वतःबद्दल ताकास तूर लागू देत नव्हती.

काटेसाहेबांची गोष्ट निराळी. त्यांचं आडनाव काटे नव्हतं. ते वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांतून जाऊन तराजू खरं बोलतो की खोटं ते पाहायचं, खरं बोलला तर त्यावर शिक्का मारायचा, खोटं बोलला तर तार ओवून शिशाचं सील ठोकायचं, हे काम त्यांनी एकोणीस वर्षं केलं होतं. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की बाजार एकदम सज्जन होई. बाजाराने त्यांना दिलेलं हे नाव त्यांना मनातून आवडत असे, पण कुणी तोंडावर म्हटलं तर ते कपाळाला आठ्या घालत. माणसं खोटं बोलतात, वजन बोलत नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. मुलगी बोलत नाही म्हटल्यावर त्यांनी साहजिकच तिच्या दप्तराचं वजन केलं.

ऑफिसातला आकड्याचा ताणकाटा त्यांनी रीतसर नोंद करून घरी आणला, स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीला अडकवला आणि त्याला दप्तर लटकवलं. आठ किलो सहाशे पन्नास ग्रॅम भरलं. पोरीचं स्वतःचं वजन चौतीस किलो. म्हणजे आपली मुलगी स्वतःचा चौथा हिस्सा पाठीवर घेऊन तीन मजले चढते, हे त्यांनी कागदावर मांडलं आणि त्यांना एकदम सगळ्याचा उलगडा झाला. एवढं ओझं वाहणाऱ्या माणसाला बोलायला दम कुठून उरणार? दप्तर हलकं केलं की जीभ मोकळी होईल. त्यांनी हे बायकोला इतक्या गंभीरपणे समजावून सांगितलं की तिलाही ते क्षणभर पटलं, आणि हा क्षणच पुढे महागात पडला.

दप्तराची बातमी इमारतीत पसरायला एक जिना पुरला. तळमजल्यावरच्या विमावाल्या काकांनी पाठीच्या कण्यावर पाऊण तास व्याख्यान दिलं आणि जाता जाता मुलांसाठीच्या एका योजनेचं पत्रक दाराच्या फटीतून आत सरकवलं. समोरच्या बिऱ्हाडातली दहावीची आई मात्र कामाचं बोलली. तिचा मुलगा दहावीला होता आणि तेव्हापासून तिला स्वतःचं असं वेगळं नाव उरलं नव्हतं. मुलाचं नावही इमारतीत कुणाला आठवत नसे. तिने सांगितलं, एवढं काय त्यात, पुस्तकं फाडायची. आम्ही तर पाचवीपासून फाडतो. जेवढा धडा चालू असेल तेवढाच न्यायचा.

फाडणं हा शब्द काटेसाहेबांना रुचला नाही. पुस्तक फाडणारा माणूस आणि वजनाला खालून शिसं काढणारा माणूस यांच्यात ते फारसा फरक मानत नव्हते. पण सोडवून घेऊन नीट बांधलं तर? ते सहाही पुस्तकं घेऊन बाइंडरकडे गेले. बाइंडर म्हातारा, डोळ्यांनी अधू आणि कमालीचा सोशिक होता. त्याने विचारलं, कुठून कुठून सोडवू? कुणीही सुज्ञ बापाने अनुक्रमणिका उघडली असती. काटेसाहेबांनी पिशवीतून काटा काढला.

भाग करायचे तर ते समान असले पाहिजेत, यात त्यांना शंका नव्हती. समान म्हणजे किती, हे डोळ्यांनी ठरवणं त्यांच्या नोकरीत गुन्हा होता. दीड तास ते बाइंडरच्या बाकावर बसून पानं चढवत आणि उतरवत होते. बाइंडर एकदा हळूच म्हणाला, साहेब, धडा इथे संपतो, दोनच पानं पुढे आहेत. काटेसाहेबांनी मान हलवली. दोन पानांनी चार ग्रॅम वाढत होते. शेवटी सहा पुस्तकांचे अठरा भाग झाले, खाकी कव्हर घातलेले, एकसारखे, प्रत्येक बरोबर एकशे दहा ग्रॅमचा. इतिहासाचे तीन, विज्ञानाचे तीन, गणित जाड म्हणून त्याचे चार. दप्तर एक किलो तीनशे वीस ग्रॅमनी उतरलं. त्या संध्याकाळी ते इतके खुशीत होते की जिन्यात भेटलेल्या दहावीच्या आईला त्यांनी दोन भाग हातात धरून पाहायला लावले.

मुलीने अठरा भाग पाहिले. म्हणाली, “बाबा, हे सगळ्यांसमोर काढायचे?”

“अभिमानाने काढायचे,” काटेसाहेब म्हणाले.

दप्तर भरताना मात्र तिने ते भाग वह्यांच्या मध्ये दडवून ठेवले, आणि हे तिच्या आईने पाहिलं.

तीन दिवसांनी डायरीत लाल शाईचा शेरा आला. पालकांनी समक्ष भेटावे. कारण विचारलं तर मुलीने मिठाची गुळणी धरली. पण दहावीच्या आईच्या भाचीची मैत्रीण त्याच वर्गात होती, त्यामुळे दुपारपर्यंत सविस्तर अहवाल घरपोच आला. भाषेच्या तासाला मोठ्याने वाचायला म्हणून मुलीला उभं केलं होतं. गोष्ट रंगात आलेली. म्हातारा दाराशी येतो, कानोसा घेतो, थरथरत्या हाताने कडी काढतो आणि दार उघडून पाहतो तर. इथे मुलगी थांबली. सर म्हणाले, वाच पुढे. ती गप्प. सर पुन्हा म्हणाले, अगं, वाच की, काय दिसलं त्याला? तेव्हा तिने खाली मान घालून सांगितलं की पुढचं घरी आहे. वर्ग पाच मिनिटं हसत होता. विज्ञानात तर हृदयाचे दोन कप्पे शाळेत आणि दोन घरी अशी वाटणी झाली होती. इतिहासातला सेनापती पहिल्या भागाच्या शेवटी घोड्यावर चढला होता, आणि वर्गात लढाई संपली तरी तो अजून लढाईला पोचायचाच होता.

काटेसाहेबांना धक्का बसला. पण एकोणीस वर्षं ज्याने दुसऱ्याच्या चुका काढल्या त्याला स्वतःची चूक एकदम गिळता येत नाही. ते म्हणाले, वजनाच्या दृष्टीने विभागणी निर्दोष आहे. बायको म्हणाली, “अहो, पोरगी वाचायला गेली होती, विकायला नाही.” यावर त्यांनी कामावरची पिशवी उचलली आणि ते शाळेत जायला निघाले.

शाळेत जाणं म्हणजे काय हे ते विसरले होते. शिपायाने त्यांना वहीत सही करायला लावली, कामाच्या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं, आणि ते ‘पुस्तकांचे वजन’ म्हणताच रद्दीवाल्यांसाठी मागचं दार आहे असं सांगितलं. कारकुनाने दुसरा फॉर्म दिला. त्यावर पाल्याचा हजेरी क्रमांक हवा होता, तो त्यांना ठाऊक नव्हता. पाल्याचा हजेरी क्रमांक ठाऊक नसलेला बाप कारकुनाने ज्या नजरेने पाहायचा असतो त्या नजरेने पाहिला आणि बाकावर बसायला सांगितलं. बाक मुलांच्या मापाचा होता. पाऊण तास काटेसाहेब गुडघे हनुवटीला लावून बसले. ज्यांच्या पावलांनी बाजाराची पाचावर धारण बसते ते गृहस्थ, आणि येणारीजाणारी पोरं त्यांना ओलांडून जात होती. ही जखम लक्षात ठेवली पाहिजे, नाहीतर पुढे जे घडलं ते नुसतं कर्तव्य होतं या त्यांच्या म्हणण्यावर कुणाचा विश्वास बसायचा.

मुख्याध्यापिका प्रेमळ बाई होत्या. त्या काटेसाहेबांवर रागावल्या नाहीत, उलट त्यांनी चहा मागवला, आणि हे रागावण्यापेक्षा वाईट झालं. अठरातला एक भाग हातात घेऊन त्या मंद हसत म्हणाल्या, “काळजी समजते हो तुमची. पण विद्या काही तराजूत घालून वाटायची वस्तू नाही.” शेजारी मुलीच्या वर्गशिक्षिका बसल्या होत्या. त्याच वर्गाला विज्ञान शिकवायच्या. त्याही हसल्या, आणि काटेसाहेबांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या दोघींच्या डोक्यावरून, काचेच्या दारापलीकडे, प्रयोगशाळेतल्या टेबलावर काचेच्या पेटीत ठेवलेला तराजू त्यांना दिसत होता. त्याचं डावं पारडं रिकामंच असून झुकलेलं होतं. काटेसाहेब ते मघापासून पाहात होते आणि न पाहिल्यासारखं करत होते.

“तराजूचं बोलायचं तर,” ते उठत म्हणाले, “आपला खोटं बोलतो.”

पुढचं सगळं दहा मिनिटांत उरकलं. त्यांनी पिशवीतली प्रमाणित वजनं काढली, चिमट्याने पन्नास ग्रॅमचं वजन पारड्यात ठेवलं, शाळेच्या तराजूने ते सत्तेचाळीस ग्रॅम ठरवलं. शेवटचा शिक्का सात वर्षांपूर्वीचा निघाला. वर्गशिक्षिका म्हणाल्या, मुलांना शिकवायला पुरतो हो, पुढच्या आठवड्यात घनतेचं प्रात्यक्षिक आहे, सगळ्या तुकडीचे वीस गुण त्यावर आहेत. काटेसाहेब म्हणाले, मग तर मुळीच चालणार नाही. तार ओवली, शिशाची गोळी बसवली, पक्कड दाबली. खटकन आवाज झाला आणि त्या आवाजासरशी त्यांना जाणवलं की आपण हात दाखवून अवलक्षण करून घेतलं आहे. मुख्याध्यापिकांच्या चेहऱ्यावर भीक नको पण कुत्रं आवर असा भाव होता. पंचनाम्याची प्रत मात्र त्यांनी नीट घडी करून ठेवून घेतली. चहा तसाच राहिला.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं की त्या तुकडीत आपली मुलगी आहे हे तुम्हाला पक्कड दाबायच्या आधी आठवलं की नंतर. नंतर, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

आता ते सील निघणं आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा काटेसाहेबांनी पुढच्या पंधरवड्यात अक्षरशः पायी घातला. ज्या संस्थेत निरीक्षकाचं रक्ताचं नातं आहे तिथलं सील त्याने स्वतः काढू नये, असा खात्याचा नियम होता. लावू नये असं मात्र त्यात कुठेच नव्हतं. असा मोह कुणाला होईल हे नियम करणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसावं. म्हणजे अर्ज शाळेने करायचा. शाळेत अर्ज कुणाला लिहिता येईना, म्हणून तो काटेसाहेबांनी लिहून दिला, मुख्याध्यापिकांनी सही केली, आणि काटेसाहेब तो घेऊन स्वतःच्याच ऑफिसात, खिडकीच्या चुकीच्या बाजूला, रांगेत उभे राहिले. खिडकीतला सहकारी रोज त्यांच्या डब्यातलं खाणारा. त्याने अर्ज वरून खाली वाचला, चष्मा पुसला आणि विचारलं, “अर्जदार आपणच का? ओळखपत्र?” काटेसाहेबांनी दाखवलं. “यावरचा फोटो जुना आहे,” सहकारी म्हणाला, आणि तो थट्टा करतो आहे की नाही हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही.

अर्ज मंजूर व्हायचा तर आधी तराजू दुरुस्त व्हायला हवा. नाजूक तराजूंचं काम करणारे गावात एकच मिस्त्री होते, आणि तीन वर्षांपूर्वी दुकानातला त्यांचाच काटा काटेसाहेबांनी भर गिऱ्हाइकांत सील केला होता. मिस्त्रींनी जुनी गोष्ट काढली नाही. माणूस सभ्य होता. त्यांनी फक्त तराजू रांगेत शेवटी ठेवला आणि पुढे अकरा कामं आहेत म्हणून बोटं मोजून दाखवली. काटेसाहेब रोज संध्याकाळी जाऊन त्या रांगेकडे पाहून येत. विमावाले काका म्हणाले, अशा वेळी वरून दबाव आणायचा. पण वजनमाप खात्याच्या वर कोण असतं हे त्यांनाही सांगता येईना.

इकडे प्रात्यक्षिक एकदा पुढे ढकललं, मग दुसऱ्यांदा. वर्गशिक्षिकांचे फोन येऊ लागले. काटेसाहेबांना यातलं काहीच तितकं लागत नव्हतं जितकं लागत होतं घरातलं गप्प दार. आपल्या लेकीला आता वर्गात काय काय ऐकावं लागत असेल, याचा विचार करून त्यांचं जेवण कमी झालं. भागांचं हसू झालं होतं तेवढ्यावर भागलं असतं. आता ती जिच्या बापामुळे सगळ्या तुकडीचे वीस गुण लटकले अशी मुलगी होती. बायको म्हणाली, तिची माफी मागा. त्यांनी आयुष्यात माफी पुष्कळ ऐकली होती, मागण्याचा सराव नव्हता. दोन संध्याकाळी ते दारापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्या दिवशी मुलगी स्वयंपाकघरात डबा धूत होती तेव्हा ते ओट्यापाशी जाऊन उभे राहिले आणि पुसायचं फडकं हातात घेतलं.

“माझ्यामुळे तुला वर्गात मान वर करायला जागा राहिली नाही,” ते म्हणाले. “चुकलंच माझं. पुस्तकांचंही आणि तराजूचंही.”

मुलीने नळ बंद केला. “तसं काही नाही, बाबा.”

“मग तू आम्हाला काही सांगत का नाहीस? रोज काय झालं विचारलं की काही नाही म्हणतेस.”

“खरंच काही होत नव्हतं म्हणून.” ती डब्याकडेच पाहात होती. “वर्गातल्या सगळ्या एकाच शाळेतून आल्यात. आमच्या शाळेतली मी एकटीच. पहिल्या दिवशी कोण कुणाशेजारी बसणार ते त्यांचं आधीच ठरलं होतं. माझ्याशी कुणी भांडलं नाही, चिडवलं नाही, कुणी काही बोललंच नाही. मधल्या सुट्टीत मी पाण्याच्या टाकीपाशी डबा खायचे आणि घंटा व्हायची. आता यातलं तुम्हाला काय सांगू?”

काटेसाहेबांनी आधीच कोरडा असलेला डबा पुन्हा पुसला. शाळा सुरू होऊन चाळीस दिवस झाले होते. त्यांनी मनातल्या मनात शनिवार रविवार वजा करून पाहिले आणि तरीही जो आकडा उरला तो त्यांना सहन झाला नाही. आपण या मुलीचं दप्तर ग्रॅमपर्यंत मोजलं, आणि ती कुणाशेजारी बसते एवढंही आपल्याला माहीत नव्हतं. त्यांनी फडकं दोनदा झटकलं.

“आणि आता?” त्यांनी कसंबसं विचारलं.

“आता बोलतात ना.” मुलीच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जुनी लय आली. “ते दार उघडून पाहतो तर झालं ना, त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मागच्या बाकावरची एकजण आली. म्हणाली, आमचं सगळ्यांचं पुस्तक वर्गातच राहिलंय, तू घरून वाचून ये आणि उद्या सांग त्याला काय दिसलं. खोटं बोलत होती, तिचं दप्तरातच होतं. मग तराजूचं झालं. तेव्हा तर सगळ्याच आल्या. प्रात्यक्षिकाची कुणाचीच तयारी नव्हती, बाबा. त्या विचारतात, तुझे बाबा अजून काय काय सील करू शकतात. गणिताचे सर करता येतील का?”

“सर करता येत नाहीत,” काटेसाहेब म्हणाले. “त्यांची पट्टी करता येईल, जर सेंटीमीटर चुकत असतील तर.” हे ते गमतीने म्हणाले की नाही हे त्यांनाच नक्की ठाऊक नव्हतं. मुलगी हसली. दाराआड उभी राहून ऐकणारी आई लगबगीने गॅलरीत निघून गेली आणि वाळलेले कपडे पुन्हा दोरीवर घालू लागली.

दुसऱ्याच दिवशी मिस्त्रींचा निरोप आला. तराजू तयार आहे. एका दिवसात खात्याने तपासला, शिक्का मारला, सील काढल्याचं प्रमाणपत्र झालं आणि शाळेत द्यायला म्हणून ते काटेसाहेबांच्याच हातात पडलं. त्यांनी ते शर्टाच्या खिशात ठेवलं आणि तराजू ऑफिसातल्या कपाटात. आणि एकोणीस वर्षांच्या निष्कलंक नोकरीत त्यांनी कधी केलं नव्हतं ते केलं. ते शाळेत गेलेच नाहीत.

वर्गशिक्षिकांचा फोन आला तेव्हा, प्रक्रिया चालू आहे, असं त्यांनी सांगितलं. हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडी ऐकलं की त्यांचं पित्त खवळत असे. स्वतःच्या तोंडून ते इतकं सहज बाहेर पडलं की त्यांना खात्यातल्या सगळ्यांबद्दल थोडी माया वाटू लागली. खिशातला कागद मात्र चावत होता. बाजारात एका किराणा दुकानदाराचा काटा पाच ग्रॅमनी चुकला, तर त्यांनी त्याला समज देऊन सोडलं. दुकानदार घाबरला, साहेबांना बरं नाही की काय म्हणून त्याने स्टूल पुढे केलं. तिसऱ्या दिवशी बायकोने शर्ट धुवायला घेतला, खिशातला कागद उलगडून वाचला, तारीख पाहिली. मग तिने तो धुतलेल्या शर्टाच्या खिशात होता तसा परत ठेवून दिला आणि नवऱ्याला जेवायला वाढलं. त्या रात्री भाजी त्यांच्या आवडीची होती.

सहाव्या दिवशी मुलगी शाळेतून आली ती जिन्यातूनच बोलत आली. तीन मुलींची नावं, दोन भांडणं आणि एक समेट एवढा माल तिने बूट काढता काढता उतरवला. मग बापाच्या खुर्चीशी येऊन म्हणाली, “बाबा, तराजू आला तरी चालेल आता. बाईंचा चेहरा बघवत नाही. आणि आमचं आता त्याच्यावाचून पण जमतं.”

तिला खिशातलं माहीत होतं का? काटेसाहेबांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा उघडायच्या आधी ते प्रमाणपत्र आणि तराजू घेऊन फाटकाशी उभे होते. प्रात्यक्षिक झालं. काटेसाहेबांच्या मुलीने दगडाची घनता इतकी चुकीची काढली की तो दगड पाण्यावर तरंगायला हवा होता. वीसपैकी नऊ गुण पडले आणि तराजूला दोष द्यायची सोय तिच्या बापाने ठेवली नव्हती.

तरीही काटेसाहेबांच्या मनात धाकधूक राहिलीच. गंमत ओसरल्यावर पोरी पुन्हा आपापल्या जागी गेल्या तर? घरी ती बोलत होती, पण पूर्वी बोलायची त्याच्या निम्मं. उरलेलं निम्मं कुणाला मिळतं, की मिळतच नाही, हे कळायला मार्ग नव्हता. दप्तराचं वजन करायचं त्यांनी सोडून दिलं होतं. दहावीच्या आईचा मुलगा परीक्षा देऊन मोकळा झाला आणि ती निकालाआधीच अकरावीची आई झाली, विमावाल्या काकांनी अखेर त्यांच्या गळ्यात ती योजना घातली, आणि वर्ष संपलं.

निकालाच्या दिवशी दोघं नवराबायको वर्गशिक्षिकांपुढे बसले. पुन्हा तोच छोटा बाक. बाईंनी प्रगतिपुस्तक पुढे सरकवलं. त्यांच्या आवाजात तराजूची आठवण अजून ताजी होती. गुण बरे आहेत म्हणाल्या, विज्ञानात सुधारणा हवी, अक्षर चांगलं आहे. मग त्या जरा थांबल्या आणि शेऱ्याच्या रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं. ‘वर्गात अखंड बोलते. तीन वेळा जागा बदलूनही फरक नाही.’

काटेसाहेबांनी ते वाचलं. मग बायकोने वाचलं. मग काटेसाहेबांनी पुन्हा वाचलं.

“तीन वेळा बदलली?” त्यांनी विचारलं. “कुणाकुणाशेजारी?”

“कुणाशेजारीही बसवा,” बाई वैतागून म्हणाल्या. “जिथे बसवावं तिथे हिची मैत्रीण असतेच. शेवटी भिंतीकडे बसवली, तर खिडकीतून शेजारच्या तुकडीशी बोलायला लागली.”

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पदराने टिपलं तर पुन्हा आलं. बाई एकदम वरमल्या. मनाला लावून घेऊ नका हो, त्या म्हणाल्या, या वयात होतं असं, पुढच्या वर्षी होईल गप्प. “नको,” काटेसाहेब इतक्या तातडीने म्हणाले की शेजारच्या बाकावरच्या पालकांनी वळून पाहिलं. पालकांच्या सहीच्या जागी त्यांनी आपली सरकारी, लांबलचक सही केली, बायकोलाही तिच्याशेजारी करायला लावली, आणि बाईंचे हात जोडून आभार मानले. बाईंना त्यात काहीतरी खोच असावी असं वाटत राहिलं.

फाटकाबाहेर ते दोघं लेकीची वाट पाहात उभे राहिले. ती आली ती चार मुलींच्या घोळक्यात. दोघी तिच्या डाव्या हाताला, दोघी उजव्या, आणि ती मधोमध उलटी चालत, दोन्ही हात हवेत नाचवत काहीतरी सांगत होती. आईबापांच्या पुढून, दोन हातांवरून ती गेली. तिने त्यांना पाहिलंच नाही.

आईने हाक मारायला तोंड उघडलं. काटेसाहेबांनी तिच्या दंडाला धरलं. मग ते दोघं त्या घोळक्याच्या मागून, वीसेक पावलांचं अंतर ठेवून चालू लागले. पुढे हशा पिकला, कुणीतरी कुणाच्या पाठीवर धपाटा घातला, लेकीचा आवाज चढला. काय चाललंय ते कळावं म्हणून आईची पावलं आपोआप भरभर पडायला लागली.

“जरा हळू चाल,” काटेसाहेब म्हणाले. “नाहीतर आपल्याला सगळं ऐकू येईल.”